करारातले सहावे कलम

गेल्या वर्षी आर्द्रा लागल्यावर कर्नाटकाच्या सीमाभागातल्या आमच्या खानापुरात जो पाऊस धरला तो आठवडाभर उघडला नाही, आणि त्याच आठवड्यात पुण्याहून करारपत्राचा मसुदा आला. लिफाफा भिजून मऊ पडला होता, म्हणून तो आधी फडताळावर वाळत ठेवला आणि रात्री जेवणे उरकल्यावर वाचायला घेतला. ज्या कादंबरीवर सात वर्षे काम केले होते, ती एका नामांकित प्रकाशनसंस्थेने स्वीकारली होती. पहिली पाच कलमे वाचताना मन भरून येत होते. सहाव्या कलमाशी मात्र मी थांबले. त्यात लिहिले होते की या साहित्यकृतीचे सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील आणि सर्व प्रदेशांतील हक्क लेखिका प्रकाशकाकडे कायमस्वरूपी सुपूर्द करीत आहे.

पुण्यामुंबईच्या लेखकाने कदाचित या वाक्यावरून नजर पुढे नेली असती. ‘सर्व भाषा’ म्हणजे फार तर इंग्रजी किंवा हिंदी, आणि त्या कधी काळी आल्याच तर बघू, असे त्याला वाटले असते. मी जिथे बसून ते वाक्य वाचत होते तिथे ‘सर्व भाषा’ या शब्दांतली पहिली भाषा शेजारच्या खोलीत झोपली होती. माझी सून धारवाडची, कन्नड बोलणारी आहे. देवनागरी तिला शाळेतल्या हिंदीमुळे वाचता येते आणि बोलण्यातली मराठी तिने लग्नानंतर चार वर्षांत छान उचलली, पण अडीचशे पानांची मराठी कादंबरी तिला अजून पेलत नाही. मी लिहीत बसले की ती दारात उभी राहून विचारायची, “अत्ते, मी कधी वाचायचं?” त्या प्रश्नाचे उत्तर सहाव्या कलमात दडलेले आहे, हे मला त्या रात्री प्रथम जाणवले.

कादंबरी कौलांच्या कारखान्याची आहे. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना चांगली, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे, आणि माझे बालपण तशाच एका कारखान्याच्या कुंपणालगत गेले. चिखल मळणारे, साच्यात दाबणारे, भट्टी लावणारे, गाडीत माल भरणारे अशी कामाची माणसे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांची होती, आणि काम सुरू असताना कोण कोणत्या भाषेत बोलतो आहे हे त्यांचे त्यांनाही कळत नसे. भट्टीवरचा म्हातारा मातीचा गोळा चिमटीत दाबून “मण्णु इन्ना हदा आगिल्ल” म्हणायचा आणि त्याला “मग राहू दे की गा उद्यापर्यंत” असे उत्तर मिळायचे. माती अजून कामाला आलेली नाही एवढाच त्या बोलण्याचा अर्थ. असे संवाद कादंबरीत शंभराहून अधिक ठिकाणी आहेत, आणि ते तसेच ठेवण्यासाठी मी ती लिहिली, असे म्हटले तरी चालेल.

प्रकाशनाच्या बाबतीत मी कोरी पाटी नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी, शाळेत नोकरीला असताना, माझा एक कथासंग्रह निघाला होता. तो ज्यांनी काढला त्यांनी पैसे माझ्याकडून घेतले, ५०० प्रती छापल्याचे सांगितले, २०० माझ्या घरी पाठवल्या आणि उरलेल्या वितरकांकडे गेल्याचे कळवले. पुढे कोणत्याही दुकानात ते पुस्तक मला दिसले नाही आणि हिशेबाचा एकही कागद आला नाही. घरी आलेल्या प्रतींपैकी काही भेट म्हणून गेल्या, काही शाळेच्या ग्रंथालयात गेल्या आणि शेवटचे दोन गठ्ठे पलंगाखाली कसर लागून खराब झाले. तेव्हा माझ्या यजमानांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली ती रक्कम मला आजही पाठ आहे. पैसे घेऊन पुस्तक काढणे हा गुन्हा नाही. पैसे किती, प्रती किती, त्या कोणाच्या मालकीच्या आणि त्या विकायच्या कोणी, या चार गोष्टी कागदावर नसणे हा माझा खरा तोटा होता. तो तोटा दुसऱ्यांदा करायचा नाही, एवढे मनाशी पक्के होते.

म्हणून या वेळी मी आधी हिशेब शिकले. बेळगावातील एका छापखान्यात माझा जुना विद्यार्थी आहे, त्याने मला बाकावर बसवून फर्म्याचे, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे गणित समजावले. डेमी आकारात १६ पानांचा एक फर्मा धरतात, त्यामुळे २५० पानांचा मजकूर १६ फर्म्यांत, म्हणजे २५६ पानांत बसवावा लागतो. उरलेली सहा पाने कोरी सोडायची की मजकूर सैल करायचा, हेही ठरवावे लागते. ऑफसेटवर छापायचे तर प्लेटा करण्याचा खर्च एक प्रत काढा की हजार, तेवढाच येतो. म्हणून प्रती वाढल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो आणि नवख्या लेखकाला हजार प्रतींचा मोह पडतो. डिजिटल छपाईत प्लेटा नसतात. तिथे दर प्रतीला खर्च अधिक, पण ५० प्रतीही काढता येतात आणि संपल्यावर आणखी ५० काढता येतात. माझ्या पलंगाखालचे गठ्ठे त्या वेळी डिजिटल छपाई सर्रास असती तर तयारच झाले नसते, असे त्याने सांगितले आणि लगेच “बाई, वाईट वाटून घेऊ नका” असेही म्हणाला.

मग किमतीचे गणित. पुस्तकाची किंमत ४०० रुपये ठेवली आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर १६० रुपये तिथेच जातात. उरलेल्या २४० रुपयांत कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, वाहतूक आणि प्रकाशकाचे पोट भरायचे. लेखकाला १० टक्के मानधन ठरले तर प्रतीमागे ४० रुपये मिळतात, आणि ५०० प्रतींची संपूर्ण आवृत्ती विकली गेली तर २०,००० रुपये होतात. सात वर्षांच्या कामाचे मोल म्हणून हा आकडा सांगितला तर कोणीही हसेल, पण मला या आकड्याने मोकळे केले. पैसा हा निर्णयाचा पाया होऊ शकत नाही हे एकदा दिसल्यावर, पुस्तक कोणाच्या हातात जावे हा प्रश्न उरला, आणि त्याच्याकडे मला सरळ पाहता आले.

माझ्या मुलाचे मत स्वतः प्रकाशित करण्याकडे होते. तो बंगळूरला असतो आणि आठवड्याला तीन पुस्तके फोनवर वाचतो. “आई, २०१६ पासून किंडलवर मराठी आहे, तू कोणाची वाट बघतेस?” असे तो दर रविवारी विचारायचा, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. पुस्तकाची ओळख ठरणाऱ्या आयएसबीएन क्रमांकासाठी प्रकाशकच लागतो, ही समजूत मीही कित्येक वर्षे बाळगली होती. प्रत्यक्षात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय अभिकरण तो क्रमांक विनामूल्य देते आणि लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. मात्र स्वतः प्रकाशक झालो की प्रकाशकाची कर्तव्येही आपल्यावर येतात. १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने पाठवावी लागते. हे मला ओझे वाटले नाही, उलट खानापुरात लिहिलेले पुस्तक कोलकात्याच्या कपाटात जाऊन बसेल या कल्पनेने मी हरखले होते. अडचण दुसरीकडे होती. दुकानदारांना फोन करणे, उधारी वसूल करणे, परत आलेल्या मळक्या प्रती मोजणे हे काम मला जमणार नाही, आणि संपादकाच्या नजरेखालून न गेलेली कादंबरी वाचकाला देणे हे मला पटत नव्हते. माझ्या लिखाणात उपमा फार होतात हे मला माहीत आहे. त्या कोणीतरी परक्या माणसाने कापायला हव्यात.

मधल्या काळात मी एक प्रकरण दिवाळी अंकाला देऊन पाहिले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाला वाचकांची नाडी पाहण्याची ती जागा मिळालेली आहे. त्याही आधी हरि नारायण आपटे ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून कादंबऱ्या क्रमशः छापत होते आणि वाचक आठवड्याची वाट पाहत होते. माझे प्रकरण वाचून जी पत्रे आली त्यांत एक निपाणीहून होते, एक चंदगडहून आणि एक सावंतवाडीहून. पुण्यामुंबईहून एकही आले नाही. यावरून मी कोणतेही अनुमान काढणार नाही, पण निर्णयाच्या वेळी ती तीन पत्रे माझ्या टेबलावर होती, हे सांगायला हवे.

तर सहाव्या कलमाकडे परत येते. मी स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदा मिळवला आणि त्यातील कलम १९ पुन्हापुन्हा वाचले. शिक्षिकेला नियम वाचायची सवय असते, तरीही मला ते समजायला तीन दिवस लागले. हक्काची सुपूर्दगी लेखी आणि सहीनिशी असली पाहिजे, तीत कोणते हक्क, किती मुदतीसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेले असावे, असे ते कलम सांगते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो, आणि घेतलेला हक्क १ वर्षात वापरलाच नाही तर, करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास, ती सुपूर्दगी त्या हक्कापुरती संपुष्टात येते. म्हणजे लेखक गप्प राहिला तर कायदा त्याच्या बाजूने बोलतो. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व’ हे दोन शब्द कायद्याला बोलू देत नाहीत. आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क चालतो हे लक्षात घेतले, तर माझ्या सहीने मी माझ्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंतचे दार लावून घेणार होते.

मी पुण्याला पत्र लिहिले. भाषांतराच्या हक्कातून कन्नड वगळावी आणि मुदत ५ वर्षांची करावी, एवढ्या दोनच विनंत्या केल्या. उत्तर सौजन्याचे आले. संस्थेचा करार सर्व लेखकांसाठी एकच असतो, त्यात एकासाठी बदल करता येत नाही, आणि कन्नडमध्ये कोणी विचारणा केलीच तर संस्था अवश्य परवानगी देईल, असे त्यात होते. त्याच पत्रात संपादकीय सूचनाही होत्या. उपमांबद्दलची प्रत्येक सूचना बरोबर होती आणि मी त्या सगळ्या मान्य केल्या. पण शेवटची सूचना अशी होती की कन्नड संवाद निम्म्याने कमी करावेत आणि उरलेल्यांना तळटीपा द्याव्यात, कारण महाराष्ट्रातील वाचक अडखळेल.

या सूचनेवर मी मनापासून विचार केला, कारण वाचक अडखळणे ही लहान गोष्ट नाही. तळटीप घालून पाहिली. म्हाताऱ्याच्या चिमटीतला मातीचा गोळा आणि त्याचा अर्थ यांच्यामध्ये एक रेघ आली, आणि पानाच्या तळाशी उतरून परत वर येईपर्यंत भट्टीची धग निघून गेली. मग माझ्या लक्षात आले की ज्या मराठी वाचकाला तळटीप लागणार नाही असा वाचक अस्तित्वात आहे, तो लाखोंनी आहे, आणि तो याच पट्ट्यात राहतो. खानापूर, बेळगाव, निपाणी, भालकी इथल्या मराठी घरांत कन्नड परकी नाही. १९५६ साली राज्ये भाषेवर आखली गेली तेव्हापासून आम्ही आमच्या मराठीची काळजी वाहत आलो. १ नोव्हेंबर हा राज्यस्थापनेचा दिवस इथे मराठी माणसे काळा दिवस म्हणून कशी पाळतात हे मी लहानपणापासून पाहिले आहे आणि त्यामागचे दुःख खरे आहे. त्या दुःखामुळेच की काय, आपल्या बोलण्यात मिसळलेली कन्नड लिखाणात आणायला आम्ही बिचकतो. माझ्या कादंबरीतील माणसे बिचकत नाहीत. त्यांना मी पुण्याच्या वाचकासाठी बिचकायला लावणार नव्हते.

इथे एक गोष्ट आठवते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ज्या ‘यमुनापर्यटना’चा उल्लेख होतो, ती १८५७ साली लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मले होते. शाळेत हे सांगितले की मुलांचे चेहरे उजळायचे. कादंबरीची सुरुवात ज्या मातीतल्या माणसाने केली, तिथल्या लेखकाला कादंबरी कुठे आणि कशी छापावी याचे उत्तर शोधायला बाहेर पाहावे लागते, याची टोचणी मला बरीच वर्षे आहे. १९२९, १९४६ आणि २००० अशी तीन वेळा अखिल भारतीय साहित्य संमेलने बेळगावात भरली. कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, उचगाव अशी गावे दर हिवाळ्यात आपापली संमेलने भरवतात, ग्रंथदिंडी काढतात, गावजेवण घालतात, आणि शेतातून आलेली माणसे दिवसभर मांडवात बसून परिसंवाद ऐकतात. वाचक आहे. त्याच्या मांडवापर्यंत पुस्तक पोहोचवणारी वाट बारीक आहे.

शेवटी कोल्हापूरच्या एका लहान प्रकाशकांकडे हस्तलिखित दिले. दोन खोल्यांत त्यांचा संसार आणि प्रकाशन दोन्ही चालते. त्यांनी कादंबरी वीस दिवसांत वाचली, उपमा पुण्याइतक्याच निर्दयपणे कापल्या, आणि कन्नड संवादांबद्दल एकच प्रश्न विचारला, की ‘हदा’ छापताना दीर्घ आ तसाच ठेवायचा ना. करार दोन पानांचा झाला. मराठी मुद्रित पुस्तकाचा हक्क ५ वर्षांसाठी त्यांचा. पहिली आवृत्ती ३०० प्रतींची, मानधन १० टक्के, हिशेब दर मार्चअखेर. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि सर्व भाषांतील भाषांतरे माझ्याकडे. संमेलनांसाठी १०० प्रती मी सवलतीने विकत घेणार, आणि त्या न विकल्या गेल्या तर परत करता येणार नाहीत. हे शेवटचे वाक्य लिहिताना पलंगाखालचे गठ्ठे आठवले, तरी सही केली.

या निर्णयाने मी काय गमावले तेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या संस्थेचे पुस्तक निघाले असते तर त्याची परीक्षणे मोठ्या वृत्तपत्रांत आली असती, पुरस्कारसमित्यांच्या टेबलावर ते आपोआप पोहोचले असते आणि महाराष्ट्रातील ग्रंथालयांच्या खरेदीत त्याचे नाव सहज दिसले असते. माझ्या यजमानांच्या हयातीत पुस्तकावर त्या संस्थेचे बोधचिन्ह पाहायला मिळाले असते तर त्यांना फार आनंद झाला असता. ती संधी माझ्या हाताने मी परत पाठवली, आणि काही रात्री त्याचा सल जागवतो.

मुद्रितशोधनात आणखी एक महिना गेला. मी युनिकोडमध्ये टंकलेले होते आणि मांडणी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये झाली, त्यामुळे ‘दुसऱ्या’, ‘कामकऱ्यांना’, ‘वाऱ्यावर’ अशा प्रत्येक शब्दातला अर्धा र गळाला किंवा भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. तीन वाचने केली. तिसऱ्या वाचनात सून शेजारी बसली आणि कन्नड संवाद तिने तपासले. दोन ठिकाणी माझी कन्नड खानापुरी होती आणि धारवाडला तसे म्हणत नाहीत, असे ती म्हणाली. खानापूरचा म्हातारा खानापूरसारखाच बोलणार, म्हणून आम्ही ते तसेच ठेवले.

जानेवारीत पहिल्या ४० प्रती एका पिशवीत घालून मी कडोलीच्या संमेलनाला गेले. संध्याकाळपर्यंत २६ विकल्या गेल्या. एका शेतकऱ्याने पुस्तक हातात घेऊन मधलेच पान उघडले, ओठ हलवत चार ओळी वाचल्या आणि “आमच्या अण्णाचं बोलणं हाय की हे” असे म्हणून पैसे मोजले.

आता सून रोज दुपारी एक पान कन्नडमध्ये उतरवते. छापायचे की नाही हे ठरलेले नाही. ते ठरवायचा हक्क घरात आहे, आणि घाई नाही. पहिल्याच पानावर तिचे काम अडले, कारण कादंबरीची सुरुवात ‘कौल’ या शब्दाने होते. नायिकेचा बाप कारखाना सुरू करावा की नाही यासाठी ग्रामदेवतेला कौल लावतो, पाकळ्या मूर्तीला चिकटवून बसतो आणि उजवी पाकळी आधी पडते. मराठीत छपरावरचे कौल आणि देवाने दिलेला कौल एकाच शब्दात राहतात. कन्नडमध्ये छपरावरचा ‘हंचु’ आहे, पण त्यात देव नाही. मी म्हटले, मग तिथे दोन शब्द घाल. ती बराच वेळ पेन्सिल धरून बसली आणि म्हणाली, “अत्ते, हंचु म्हणजे आमच्यात वाटणं पण होतं. प्रसाद वाटतात ना, ते.” मग तिने वहीत तो शब्द लिहिला, त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढले आणि पुढच्या ओळीकडे वळली.